वेळासची वाळू

कराडहून पाटण, कोयनानगर असे करीत कुंभार्ली घाट उतरला की हवा बदलते. देशावरचा कोरडा वारा घाटमाथ्यावरच थांबतो आणि चिपळूणच्या खोऱ्यातला दमट उबारा अंगाला येऊन भिडतो. पुढे खेड, मंडणगड असा वळणावळणाचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मार्च महिन्यात कैऱ्यांनी लगडलेले आंबे आणि काजूच्या पिकल्या बोंडांचा आंबूस-गोड वास. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे बाणकोटचा किल्ला उभा आहे. त्याच्या दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, नारळी-पोफळींच्या सावलीत वेळास हे गाव वसले आहे.

इतिहासाच्या वाचकांना वेळास ठाऊक असते ते नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून. शाळकरी मुलांना मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक झाले आहे. हिवाळ्याच्या आरंभापासून या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिले वाळूतून वर येतात. ती समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी लोक लांबून येतात. सांगलीकडच्या एका शाळेतील सातवीची तीस मुले अशीच एका शनिवारी दुपारी येथे येऊन उतरली. बरोबर विज्ञानाच्या बाई होत्या. प्रत्येकाच्या पिशवीत एक वही, एक पट्टी आणि पेन्सिल होती. मोबाईल आणि टॉर्च बाईंनी गाडीतच जमा करून घेतले होते.

या किनाऱ्याची कथा फार जुनी नाही. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडांची पाहणी करीत या भागात हिंडत होते. भाऊ काटदरे हे त्यांतले अग्रणी. त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले की येथे कासवे अंडी घालतात, पण ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री काढून नेतात. भारतीय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे आणि ऑलिव्ह रिडलेचे नाव त्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. परंतु कायद्याचे पुस्तक रात्री दोन वाजता किनाऱ्यावर पहारा देत नाही. तो पहारा अखेर गावातल्याच माणसांनी दिला. अंड्यांच्या खुणा ज्यांना अचूक कळत होत्या, त्यांच्याच नजरेचा उपयोग संरक्षणासाठी झाला. अशा माणसांना आज ‘कासवमित्र’ म्हणतात. २००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला. गावकऱ्यांनी आपल्या घरांत पाहुण्यांची सोय केली आणि कासव जगले तर गावालाही दोन पैसे मिळतात, हा हिशेब घराघरात पोहोचला.

सायंकाळी पाचच्या सुमारास मुले सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आली. वाळूवर जाळी लावून एक चौकोन बंदिस्त केलेला होता. सगळे त्याला हॅचरी म्हणतात. आत ओळीने पाट्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक पाटीवर घरट्याचा क्रमांक, अंडी मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली. कोठे ९८, कोठे ११५, कोठे १२३. ज्या घरट्यांची मुदत भरत आली होती, त्यांवर वेताची टोपली पालथी घातलेली होती.

पन्नाशीतले एक कासवमित्र मुलांना माहिती सांगू लागले. मुलांनी त्यांना लगेच ‘काका’ करून टाकले. मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल, मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून खड्डा बुजवते, अंगाच्या वजनाने ती वाळू दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या पिलांकडे ती पाहत नाही. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते, चामड्यासारखे मऊ असते. कासवमित्र पहाटेच किनारा पायी फिरतात, मादीच्या चालीची खूण ओळखतात आणि अंडी हलवून या चौकोनात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात.

“अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच,” काका म्हणाले. “नंतर आतला जीव कवचाला आतून चिकटतो. मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून ज्या बाजूनं उचललं त्याच बाजूनं ठेवायचं.”

बाईंनी मुलांना एक गोष्ट विचारली. कोंबडी अंड्यांवर बसून ऊब देते. मग येथे ऊब कोण देते? उत्तर पायाखालीच होते. सूर्याने तापवलेली वाळू. आणि ही वाळू केवळ ऊबच देत नाही, पिलू नर व्हायचे की मादी हेही तीच ठरवते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-माद्यांचे प्रमाण समतोल राहते. वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक आणि उष्ण असेल तर माद्या अधिक जन्मतात. पृथ्वी तापू लागली आहे हे वाक्य मुलांनी पाठ्यपुस्तकात अनेकदा वाचले होते. एखाद्या किनाऱ्यावर पुढे नरच जन्मले नाहीत तर काय होईल, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे प्रथमच आला. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

बरोबर सहा वाजता काकांनी एकेक टोपली उचलली. पहिलीखाली नुसती वाळू. दुसरीखाली वाळू. तिसरीखाली मधोमध किंचित खचल्यासारखा खळगा दिसत होता, पण पिलू नव्हते. “आज नाही,” काका म्हणाले, “बहुतेक सकाळी.” मुलांचे चेहरे उतरले. इतक्या लांबून आल्यावर हे दृश्य आपल्यासाठी घडलेच पाहिजे, असे मोठ्यांनाही वाटते. मुलांना वाटले तर नवल नाही. एका मुलाने खड्डा जरासा उकरून पाहता येईल का, असे विचारले. काकांनी मान हलवली. अंडे फोडून बाहेर आलेली पिले वाळूतच काही दिवस राहतात, पोटाला लागलेला उरलेला बलक शोषून घेतात आणि मग सगळी मिळून हळूहळू वर सरकतात. त्यांची वेळ त्यांनाच ठाऊक असते.

आपल्यातील पुष्कळ घरांतली मुले कासवाला वेगळ्या ओळखीने ओळखतात. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव. पैठणच्या अतिशय क्षेत्रावर दर्शनाला गेलेल्या एका मुलीने ते सांगितले, तेव्हा दुसऱ्याने गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर असलेल्या दगडी कासवाची आठवण काढली. रोज ज्याला नमस्कार करायचा किंवा ज्याच्याकडे पाहत आत शिरायचे, ते कासव जिवंतपणी कसे चालते हे त्यांतल्या कोणीच पाहिलेले नव्हते.

रात्री ज्या घरी मुक्काम होता, त्या घराच्या अंगणात बाई बराच वेळ बसून होत्या. समुद्राची गाज ऐकू येत होती. त्यांनी विज्ञान ज्या काळात शिकले, त्या काळात प्राणिशास्त्राचा अर्थच निराळा होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोणीतरी शेतांतून बेडूक पकडून पोत्यातून महाविद्यालयात आणून देई. क्लोरोफॉर्मची बरणी, तळाशी मेण ओतलेला ट्रे, चारी पायांना टाचण्या. पोट उघडल्यावर हृदय अजून धडधडत असे. ज्यांच्या घरी मुंगी दिसली तरी पाय उचलून पुढे टाकायची रीत होती, अशा मुलींना तेथे डोळे मिटून कात्री हातात घ्यावी लागे, नाहीतर गुण जात. बाईंनी गुण घालवले नव्हते. रोहिण्यांची आकृती त्यांना आजही पाटी-पेन्सिल न उचलता काढता आली असती. परंतु तोच बेडूक अंडी कोठे घालतो, रात्री भाताच्या खाचरात किती किडे खातो, नराचा गळा का फुगतो, हे त्यांना पुढे कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. बेडूक म्हणजे ट्रेमधली वस्तू, एवढेच शिक्षण झाले होते.

त्या पद्धतीने काहीच शिकवले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शरीराची रचना हाताने उलगडून पाहण्याला स्वतःचे महत्त्व आहे आणि ज्यांना पुढे डॉक्टर वा पशुवैद्य व्हायचे, त्यांना त्या ज्ञानावाचून चालणार नाही. परंतु दरवर्षी हजारो विद्यार्थी ज्या आकृतीसाठी हजारो बेडूक मारत, ती आकृती त्यांतल्या बहुतेकांना परीक्षेनंतर पुन्हा कधी लागत नसे. शिवाय बेडूक शेताबाहेर गेल्याने पिकांवरच्या किडींचे फावते, ही दुसरी बाजू होतीच. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन कमी करण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ साली ते थांबवण्याचा निर्णय घेतला. आता प्रतिकृती आहेत, संगणकावरची चित्रे आहेत.

तथापि विच्छेदन थांबले म्हणजे प्रश्न संपला असे नाही. जिवंत प्राणी वर्गात आणण्याची दुसरी रीतही अनेक ठिकाणी दिसते. काचेच्या पेटीत बोटाएवढे कासव ठेवलेले असते. गालावर लाल पट्टा असलेली ती परदेशी जात बाजारात सहज मिळते. मुले त्याला खायला घालतात, हातात घेतात, नाव ठेवतात. कासव वाढून ताटाएवढे होते, पाण्याला वास येऊ लागतो आणि एके दिवशी कोणीतरी ते गावच्या तळ्यात सोडून येते. सोडणाऱ्याला वाटते, आपण एका जीवाला मुक्त केले. त्या तळ्यातल्या मूळच्या कासवांच्या वाट्याचे अन्न आणि ऊन खाण्याची जागा मात्र हा नवा पाहुणा बळकावतो. दयेला ज्ञानाची जोड नसली की एकाला दिलेले अभय दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

सकाळी सात वाजता सगळे पुन्हा वाळूत उभे राहिले. पाण्याच्या दिशेने दोन्ही बाजूंना दोर बांधून मधे मोकळी वाट ठेवली होती. तिसऱ्या घरट्याची टोपली काकांनी उचलली आणि पुढच्या रांगेतल्या मुलांच्या तोंडून एकदमच श्वास सुटला. टोपलीखाली काळसर करड्या रंगाची पिले एकमेकांवर चढत होती. मोजली तेव्हा सतरा भरली. प्रत्येक जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचे. नाकाच्या टोकावर एक बारीक टोक दिसत होते. त्यानेच अंडे आतून फोडायचे असते.

काकांनी ती पिले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवली. थेट पाण्यात का सोडत नाहीत, हे त्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगितले होते. पिलू आपल्या पायांनी वाळू ओलांडते, उजळ क्षितिजाच्या रोखाने जाते, लाटांना सामोरे होते. या पहिल्या प्रवासात त्या किनाऱ्याची ओळख, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण, त्याच्यात कोठेतरी उमटते असे शास्त्रज्ञ मानतात. मादी मोठी झाल्यावर, बारा-पंधरा वर्षांनी, याच भागातल्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परतते ती या ओळखीच्या आधाराने. टॉर्च गाडीत का ठेवायला लावले, तेही आता मुलांना उमगले. ज्याला उजेडाच्या दिशेने जायचे आहे, त्याला खोटा उजेड दाखवायचा नसतो.

बाईंच्या सूचनेप्रमाणे मुले लिहीत होती. पुढचे पाय कसे पडतात? एकदम की आळीपाळीने? आळीपाळीने, असे बहुतेकांनी नोंदवले, आणि ते बरोबर होते. वाळूवर उमटणाऱ्या रेघेची रुंदी किती? पाण्यापर्यंत पोहोचायला किती मिनिटे? थांबते ते किती वेळा?

सोळा पिले गेली. सतरावे मागे राहिले होते. ते एका खळग्यात उतरले, वर चढू लागले, घसरले, उताणे झाले, पुन्हा सुलटे झाले. वर घार फिरत होती. दोराजवळ उभ्या असलेल्या मुलीने, जिने मुनिसुव्रतनाथांचे नाव काढले होते तिनेच, हात पुढे केला.

“काका, मी उचलून पाण्यात ठेवू का? नुसतं एवढंच. ते मरेल.”

“घारीवर मी नजर ठेवून आहे, बाळ. चालायचं काम त्याचं त्यालाच करू दे.”

मुलीने हात मागे घेतला, पण तिचे डोळे भरून आले. बाई तिच्या शेजारी आल्या. त्यांनी तिला समजावले नाही. फक्त त्या खळग्याकडे बोट दाखवून विचारले, “हा खड्डा कशाचा आहे, बघ बरं.”

ती वाकली. खळग्याला टाच होती आणि पाच बोटे होती. सकाळी टोपल्या उचलण्यापूर्वी दोराच्या आत कोणीतरी एक पाऊल टाकले होते. कदाचित फोटो काढणारे कोणी असेल, कदाचित त्यांच्यापैकीच एखादे मूल. मोठ्या माणसाचे एक पाऊल म्हणजे चार सेंटिमीटरच्या जीवाला विहीर.

वाट पाहणे सर्वांनाच जड गेले. पिलू तिसऱ्यांदा कडेला आले, वाळू ढासळली, त्याच ढासळलेल्या वाळूवर पाय रोवून ते वर आले आणि न थांबता उताराला लागले. पहिल्या लाटेने त्याला मागे फेकले. दुसरीने उचलले. मग फेसात काही दिसेना.

परतताना एका मुलाने काकांना गाठले. हजार पिलांमधले जेमतेम एक मोठे होते असे म्हणतात, ते खरे का? खरे असावे, काका म्हणाले. “मग एवढ्या सगळ्यांसाठी रात्र-रात्र कशाला जागायचं?”

“ते एक कुठलं, हे कोण सांगणार?” काका म्हणाले.

मोठी झालेली कासवे पुढे कोठे जातात, हे आता थोडेफार कळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, हा समज त्या एका पट्टीने डळमळीत केला. त्या पट्टीवरचा क्रमांक वाचला तोही पहाऱ्यावर जागणाऱ्या माणसांमुळेच.

ज्यांना मुलांसह वेळासला जायचे आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिले निघण्याचा काळ वर्षागणिक मागेपुढे होतो, म्हणून गावात आधी चौकशी करूनच बेत आखावा आणि किमान एक रात्र हाताशी ठेवावी. किनाऱ्यावर टॉर्च, फ्लॅश आणि गोंगाट वर्ज्य. दोराच्या आत पाऊल नको. जेवण घरगुती कोकणी पद्धतीचे असते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी यजमानांना तसे आधी कळवावे. सायंकाळी टोपल्या सहाला उचलतात आणि मार्चमध्ये त्यानंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांनी पाचच्या आत जेवूनच किनाऱ्यावर जावे हे बरे. आणि पिले दिसली नाहीत तर रागावू नये. ती आपल्यासाठी जन्मत नाहीत, हाही तेथला एक धडाच आहे.

मुनिजन चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. त्याला ईर्यासमिती म्हणतात, हे त्या मुलीने पाठशाळेत पाठ केले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. त्या सकाळी गाडी सुटायला अर्धा तास उरला असताना ती दोराच्या आतल्या वाळूकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग काकांना विचारून, दोराच्या कडेने गुडघ्यांवर बसून, हात पोहोचेल तेवढी वाळू ती तळहाताने सारखी करू लागली. तिला पाहून आणखी दोघे-तिघे बसले, मग दहा-बारा. पलीकडच्या घरट्यांवर अजून दोन टोपल्या पालथ्या होत्या. त्यांखालची पिले संध्याकाळी निघाली असती किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तोवर ही मुले घाट चढून आपापल्या घरी पोहोचलेली असती.